किल्ली कुणाकडे असते?

(दृश्य: शाळेचा व्हरांडा. भिंतीलगत काचेची दारं असलेलं लोखंडी कपाट.)

शाळेत ग्रंथालय आहे का, असं विचारलं की बहुतेक ठिकाणी "आहे की!" असं उत्तर येतं. गडबड उडते ती दुसऱ्या प्रश्नाला. किल्ली कुणाकडे असते?

कधी मुख्याध्यापकांकडे. कधी ज्या बाईंकडे ग्रंथालयाचा चार्ज आहे त्यांच्याकडे, आणि बाई नेमक्या आज प्रशिक्षणाला गेलेल्या. काचेमागे पुस्तकं दिसतात, कोरी करकरीत. मुलं जाता-येता त्यांची नावं वाचून घेतात.

२००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात लिहिलंय की प्रत्येक शाळेत ग्रंथालय असावं, त्यात वर्तमानपत्रं, मासिकं आणि सर्व विषयांची पुस्तकं असावीत. गोष्टींच्या पुस्तकांचा तर वेगळा उल्लेख आहे. म्हणजे कायदा कपाटापर्यंत आला. तिथून मुलाच्या हातापर्यंतचं अंतर राहून गेलं.

शिक्षकांना नावं ठेवणं सोपं आहे. पण नोंदवही ज्याच्या नावावर, पुस्तक हरवल्याचा जाब त्यालाच. तपासणीला येणारे साहेब पुस्तकं मोजतात, त्यातली किती मुलांनी घरी नेली याची चौकशी क्वचितच होते. अशा वेळी व्यवहारी माणूस कुलूपच लावणार. भारतातल्या ग्रंथालय चळवळीचे एक जाणते, डॉ. रंगनाथन यांनी १९३१ मध्ये ग्रंथालयशास्त्राचे पाच सिद्धान्त मांडले. त्यातला पहिलाच, पुस्तकं वापरासाठी असतात. हे वेगळं सांगावं का लागलं, ते पटवताना त्यांनी युरोपातल्या जुन्या ग्रंथालयांचा दाखला दिला. तिथे पुस्तकं साखळदंडानं बांधून ठेवत असत.

(दृश्य: बडोदा, मांडवी. मध्यवर्ती ग्रंथालयाची इमारत. आत लोखंडी मांडण्या आणि काचेच्या लाद्या.)

आपल्याकडे या पेचातून वाट काढली ती बडोदे संस्थानानं, शंभराहून अधिक वर्षांपूर्वी.

महाराजा सयाजीराव गायकवाडांनी १९०६ मध्ये सगळ्या संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं. मुलं शाळेत आली, अक्षर ओळखायला लागली. पण शाळा सुटल्यावर वाचायला काही मिळालंच नाही तर? दोन-चार वर्षांत शिकलेलं पुसून जाणार आणि शाळेवरचा खर्च वाया. म्हणून शाळेला ग्रंथालयाची जोड द्यायचं ठरलं. परदेश दौऱ्यात महाराजांनी अमेरिकेतली ग्रंथालयं पाहिली होती. १९१० मध्ये त्यांनी विल्यम बोर्डन या अमेरिकन ग्रंथपालाला बडोद्याला बोलावून घेतलं. बोर्डन तीन वर्षं राहिले. त्यांच्यानंतर जनार्दन सखाराम कुडाळकर यांनी हे काम पुढे नेलं.

बडोद्याच्या मध्यवर्ती ग्रंथालयात मुलांसाठी वेगळी खोली होती. तिथे चित्रांची पुस्तकं होती आणि बसून खेळायचे खेळही होते. ग्रंथालयात खेळ! आजही हे ऐकून कपाळाला आठ्या घालणारे निघतील. पण लहान मूल आधी जागेशी ओळख करून घेतं. तिथे कुणी ओरडत नाही, हाकलत नाही, एवढं कळलं की पुस्तकाकडे त्याचा हात आपसूक जातो.

(दृश्य: जुन्या लाकडी पेटीचं जवळून चित्रण.)

आणि खेड्यांसाठी? फिरत्या पेट्या. मजबूत लाकडी पेटीत निवडक पुस्तकं भरून ती गावी जायची, शिक्षकाकडे किंवा गावातल्या जबाबदार माणसाकडे राहायची, वाचून झाली की परत यायची. मराठी, गुजराती, दोन्ही भाषांची पुस्तकं असत. ज्यांना वाचताच येत नव्हतं त्यांच्यासाठी मॅजिक लँटर्नवर, म्हणजे दिव्याच्या उजेडानं काचेवरची चित्रं पडद्यावर पाडणाऱ्या यंत्रावर, चित्रं दाखवत. गावाला स्वतःचं वाचनालय हवं असेल तर हिशेब सरळ होता: एक वाटा गावानं काढायचा, तेवढाच प्रांत (म्हणजे जिल्हा) पंचायतीनं घालायचा, तेवढाच सरकारनं. गावानं आपले पैसे घातले की वाचनालय उघडं आहे की बंद, याकडे गावाचं लक्ष राहतं. या योजनेतली मला सर्वांत हुशारीची वाटते ती हीच गोष्ट.

(दृश्य: जुन्या नगर वाचनालयांच्या पाट्या, एकापाठोपाठ एक.)

महाराष्ट्रातही वाचनालयांची परंपरा जुनी. रत्नागिरी १८२८, नाशिक १८४०, पुणे १८४८, कोल्हापूर १८५०. पुढे १९६७ मध्ये सार्वजनिक ग्रंथालय कायदा आला आणि अ, ब, क, ड अशा वर्गांनुसार अनुदान मिळू लागलं. मान्यताप्राप्त वाचनालयं अकरा-बारा हजारांच्या घरात आहेत. पण लहान गावातल्या ड वर्गाच्या वाचनालयात ग्रंथपाल, लिपिक आणि झाडलोट करणारा बहुधा एकच माणूस असतो, आणि त्याचं मानधन किती ते विचारू नये. त्याच्याकडून बालविभागाची अपेक्षा करताना जरा लाज वाटते.

तरी काही गोष्टींना पैसा लागत नाही. पुस्तकं सात फुटी कपाटाच्या वरच्या खणात असतील तर ती आठ वर्षांच्या मुलीसाठी नसल्यासारखीच. ती खाली आणायची. पातळ पुस्तकांच्या पाठीवर काही दिसत नाही, म्हणून मुखपृष्ठ समोर येईल अशी लावायची, नाहीतर चक्क दोरीवर टांगायची. आठवड्यातून एकदा कुणीतरी एक गोष्ट मोठ्यानं वाचून दाखवायची, आणि वाचून झाल्यावर प्रश्न विचारायचे नाहीत. "तात्पर्य काय?" या एका प्रश्नानं जितकी मुलं पुस्तकापासून तोडली तितकी मोबाइलनंही तोडली नसतील, असा माझा संशय आहे.

(दृश्य: पणजी. चटईवर बसलेली मुलं, मध्ये चित्रांचं मोठं पुस्तक.)

गोव्यात पणजीला बुकवर्म हे ग्रंथालय २००५ पासून हेच काम नेमानं करतं आहे. त्यांची माणसं पुस्तकं घेऊन शाळांमध्ये आणि वस्त्यांमध्ये जातात. आधी गोष्ट वाचून दाखवायची, मग गप्पा, मग मुलानं आपलं पुस्तक निवडून घरी न्यायचं. गोव्यातल्या एकाच वर्गात कोकणी, मराठी, हिंदी बोलणारी मुलं शेजारी शेजारी बसलेली असतात. कुणाला कोणतं पुस्तक रुचेल हे ओळखायला यादी पुरत नाही, मूल ओळखीचं असावं लागतं.

नाशिकला पेटी पुन्हा अवतरली. कुसुमाग्रज प्रतिष्ठानच्या वतीनं विनायक रानडे यांनी २००९ मध्ये 'ग्रंथ तुमच्या दारी' सुरू केलं. शंभर पुस्तकांची एक पेटी काही कुटुंबांच्या गटाकडे जाते, काही महिन्यांनी दुसऱ्या गटाच्या पेटीशी तिची अदलाबदल होते. मराठी माणसांबरोबर या पेट्या परदेशातही पोचल्या. दुबईत वाढणाऱ्या मुलाला घरात मराठी पुस्तक दिसणं, आणि आई-बाबाही तसलंच काही वाचत बसलेले दिसणं, हे कुठल्याही वर्गात शिकवता येत नाही.

(दृश्य: भिलार. घराची ओसरी, बाहेर स्ट्रॉबेरीचे वाफे.)

पाचगणी-महाबळेश्वरच्या वाटेवरचं भिलार ४ मे २०१७ रोजी पुस्तकांचं गाव झालं. पंचवीसएक घरांनी आपली खोली, ओसरी पुस्तकांना दिली. कुणाकडे कथा, कुणाकडे इतिहास, कुणाकडे बालसाहित्य. फी नाही. यायचं, काढायचं, वाचायचं. सुट्टीत पर्यटक फोटो काढून निघून जातात हेही खरं, पण घरातल्या पोरांना पुस्तक म्हणजे माळ्यावरच्या पाट्या-टोपल्यांइतकीच ओळखीची वस्तू झाली, हे काय कमी आहे?

(दृश्य: शहरातलं वाचनालय. मे महिन्याची दुपार, देवघेवीच्या टेबलापाशी गर्दी.)

शाळेचं कपाट सुट्टीत बंद असतं, आणि मुलांना वेळ असतो तो सुट्टीतच. त्या दिवसांत गावचं वाचनालय कामाला येतं. बऱ्याच ठिकाणी सुट्टीपुरतं सभासद होता येतं. टेबलापाशी मुलगा भुतांच्या गोष्टींचं पुस्तक पुढे करतो. वडील ते बाजूला सारून एका थोर पुरुषाचं चरित्र ठेवतात. ग्रंथपालबाई मुरलेल्या असतील तर दोन्ही पुस्तकं जवळ ओढतात, भुतं मुलाच्या खात्यावर टाकतात आणि चरित्र वडिलांच्या.