न कटणारा पतंग

(दांडिया बाजारातली एक गच्ची. 14 जानेवारी.)

उत्तरायणाला बडोद्यात रस्त्यावर माणूस सापडत नाही. सगळे गच्चीवर. आमच्या मराठी घरांतही एका हातात तिळगूळ, दुसऱ्या हातात फिरकी, आणि समोरच्याचा पतंग कापला की ओरडायचं मात्र ‘काय्पो छे!’

त्या दिवशी लेन्सचं छिद्र एफ/16 इतकं बारीक ठेवून आभाळाचे दोनेकशे फोटो काढले. रात्री बघतो तर डाव्या वरच्या कोपऱ्यात फिकट करडा ठिपका. असेल लांबचा पतंग, म्हटलं. पुढच्या फोटोत तिथेच. त्याच्या पुढच्यातही. दिवसभर एक पतंग हलला नाही की कटला नाही!

(लेन्स काढलेला कॅमेरा, अगदी जवळून.)

ही धूळ. सेन्सरवरची, म्हणजे कॅमेऱ्यातल्या प्रकाश टिपणाऱ्या पट्टीवरची म्हणतात, पण सेन्सरच्या पुढे एक पातळ काच असते, कण बसतो तिच्यावर. मागे पडते ती त्याची सावली. एफ/2.8 ला छिद्र मोठं, प्रकाश चहूबाजूंनी येतो, सावली विरते. एफ/16 ला प्रकाशाची वाट अरुंद, सावली ठसठशीत. म्हणजे हे महाशय दिवाळीच्या, मोठ्या छिद्राने काढलेल्या फोटोंतही असणार, दिसले नाहीत इतकंच.

लेन्स प्रतिमा उलटी पाडते. त्यामुळे फोटोत डावीकडे वर दिसणारा कण, समोरून आत पाहिलं तर डावीकडेच, पण खाली असतो. सफाईला बसताना बॅटरी पूर्ण भरलेली हवी. कॅमेऱ्याचं तोंड जमिनीकडे करून ब्लोअरचे, म्हणजे हवा मारायच्या रबरी फुग्याचे, चार झोत मारायचे. तोंडाने फुंकर मारायची नाही. मी मारली. एका ठिपक्याचे पाच झाले, नवे चार थुंकीचे! मग कोरा स्वॅब (पुसायची मऊ पट्टी), सफाईच्या द्रवाचे दोन थेंब, आणि या कडेपासून त्या कडेपर्यंत एकच हात.

(सूरसागर तलाव. मे महिन्यातली रात्र.)

काळ्या पाण्यात हा टाचणीच्या टोकाएवढा लाल ठिपका. धुळीची सावली करडी, मऊ कडांची. हा टोचतो. हा हॉट पिक्सेल. अंधारातही सेन्सरमध्ये थोडा विद्युतप्रवाह झिरपतो, एखाद्या पिक्सेलमध्ये जरा जास्तच; आणि तापमान साधारण 6 ते 8 अंशांनी वाढलं की तो दुप्पट होतो. जानेवारीत लपलेला ठिपका मेमध्ये उजळतो तो असा.

इथे ब्लोअर कामाचा नाही. मेनूत ‘लाँग एक्स्पोजर नॉइज रिडक्शन’ चालू करायचं. 30 सेकंदांच्या फोटोनंतर कॅमेरा शटर मिटून तेवढ्याच वेळाचा काळा फोटो घेतो आणि पहिल्यातून वजा करतो. तोवर बटण दाबून काही उपयोग नाही.

आणि नेमकं तेव्हाच मागून कुणीतरी विचारतं, “काका, बिघडला का?”