चुकीचा रकाना

[दृश्य : शिवाजीनगर, सकाळची गर्दी. पीएमपीचा बसथांबा.]

निवेदन : या चौकाला पुणेकर अजूनही ‘सिमला ऑफिस’ म्हणतात. हवामान खात्याचं मुख्यालय १९२८ साली सिमल्याहून पुण्यात आलं आणि येताना नावही घेऊन आलं. पुढे मुख्यालय दिल्लीला गेलं, नाव इथंच राहिलं. आणि एक विनोदही : वेधशाळेनं पाऊस सांगितला की छत्री घरी ठेवावी.

विनोद ठीक आहे. पण काल आपलं बरोबर आलं की चुकलं, हे रोज सकाळी अख्ख्या गावाला कळतं, अशा नोकऱ्या आहेत तरी किती?

[दृश्य : पर्जन्यमापक, जवळून.]

साडेआठ वाजलेत. निरीक्षक पर्जन्यमापकाचं नरसाळं उचलतो, साचलेलं पाणी काचेच्या मोजपात्रात ओततो, पात्र डोळ्यांच्या रेषेत धरून आकडा वाचतो आणि नोंदवहीत लिहितो. लिहिताना चुकलं तर खोडरबर चालत नाही, व्हाइटनर तर नाहीच. चुकलेल्या आकड्यावर एक आडवी रेघ मारायची आणि बरोबर आकडा वर लिहायचा. खोडलेला आकडाही वाचता आला पाहिजे. (चूक झाली की आधी फाइलच गहाळ होते, अशी ऑफिसं आपण सगळ्यांनीच पाहिलीत.)

[दृश्य : कोरडं शिवार. जुनी कात्रणं.]

आता मोठ्या चुकीकडे येऊ. १९८८ पासून मोसमी पावसाचा अंदाज सोळा घटकांच्या प्रारूपावरून, म्हणजे तापमान, वारे, बर्फ अशा सोळा गोष्टींवरून पाऊस काढणाऱ्या गणिती सूत्रावरून, दिला जात होता. शास्त्रज्ञ डॉ. वसंत गोवारीकरांचं नाव त्याला कायमचं जोडलं गेलं. २००२ मध्ये खात्यानं सांगितलं, देशात सरासरीच्या १०१ टक्के पाऊस पडेल. जुलैत जेमतेम निम्मा पडला. हंगाम संपला तो ८१ टक्क्यांवर. देशभर दुष्काळ.

‘निसर्गापुढे कोणाचं चालतं’ म्हणून हात झटकता आले असते, आणि ते अगदीच खोटंही ठरलं नसतं. पण प्रारूप पुन्हा उघडलं गेलं. कोणत्या घटकांचा पावसाशी संबंध आता उरलेला नाही, हे तपासून ते वगळले. २००३ ला आठ आणि दहा घटकांची नवी प्रारूपं आली. २००४ ला पुन्हा तोंडघशी! २००७ ला पद्धत पुन्हा बदलली. २००९ च्या जूनमध्ये ९३ टक्के सांगितला, पडला ७८ टक्के.

हे आकडे कोणी माहितीच्या अधिकारात उकरून काढलेले नाहीत. हंगाम संपला की खातंच आपल्या अहवालात अंदाज आणि प्रत्यक्ष पाऊस शेजारीशेजारी छापतं.

कौतुक मात्र इथंच थांबवावं लागतं.

[दृश्य : बीड जिल्हा. उगवण न झालेलं रान.]

२०१७ साली बीड जिल्ह्यातल्या शेतकऱ्यांनी हवामान खात्याविरुद्ध थेट पोलिसांत तक्रार दिली. अंदाजावर विसंबून पेरणी केली, मग पावसानं ओढ दिली. देशाचा हिशोब पाहाल तर त्या वर्षी अंदाज होता ९८ टक्के, पाऊस झाला ९५. फरक खात्यानं आधीच सांगितलेल्या मर्यादेत, म्हणजे कागदावर चूक झालेलीच नाही! दुबार पेरणीचं बियाणं, खत, मजुरी आणि हातउसने घेतलेले पैसे यांना त्या तक्त्यात रकानाच नाही. देशाची सरासरी कोणाच्याही बांधावर पडत नसते, हे खात्याला आपल्यापेक्षा जास्त ठाऊक आहे.

[दृश्य : शिवाजीनगर, कृषी हवामान विभाग.]

खात्याचा कृषी हवामान विभाग पुण्यातच आहे. दर मंगळवारी आणि शुक्रवारी शेतकऱ्यांसाठी जिल्हावार सल्ला निघतो. त्याच पानावर मागच्या वेळी तुमच्या तालुक्यात किती पाऊस सांगितला होता आणि किती पडला, हे दोन आकडे ठळक मराठीत छापावेत. आणि ते पान ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लागावं. खात्याचा अहवाल काढून वाचायला पेरणीच्या दिवसांत कोणाला सवड आहे?