माशी कणखर हवी

हे तवसं, म्हणजे पावसाळी मोठी काकडी, बघा. वरून एकदम टवटवीत, चतुर्थीला गणपतीच्या वर फळं टांगतात त्या माटोळीला बांधायला म्हणून राखून ठेवलेलं. पण जरा जवळ या, इथे सालीवर सुईच्या टोकाएवढा डाग आहे आणि त्यातून डिंकासारखा थेंब आलाय. आता कापूया. आतला गर पाणचट झालाय आणि पांढऱ्या अळ्या वळवळतायत, मोठ्या झालेल्या तर चक्क उड्या मारतात. गोव्यातल्या सत्तरी तालुक्यातल्या आमच्या घरी असं तवसं निघालं की आई काही न बोलता ते उचलून गुरांपुढे टाकायची, आणि मला अजून तिचा तो चेहरा आठवतो, कारण अख्ख्या पावसात मांडव तिनेच राखलेला असायचा.

हे काम फळमाशीचं. मादी सालीखाली अंडी घालते, अळी आतून फळ खाते, मग बाहेर पडून मातीत शिरते आणि तिथे कोष करते. आता तुम्ही वरून कितीही फवारा, अळी फळाच्या पोटात आणि कोष मातीखाली, औषध पोचणार कसं?

मानकुराद आंब्यावर येते ती हिची बहीण, जात वेगळी पण धंदा तोच. फळमाशीच्या भीतीनेच १ मे २०१४ पासून युरोपने भारताचा आंबा आणि कारल्यासारख्या काही भाज्या बंद केल्या होत्या, आंब्यावरची बंदी २०१५ च्या जानेवारीत उठली.

या आंब्यावरच्या माशीचे नर एका वासाला वेडे असतात, मिथाइल युजेनॉल. बागेत टांगलेल्या सापळ्यात तोच असतो, आणि तो आपल्या तुळशीतही असतो. पानं चुरडून वृंदावनाजवळ ठेवा आणि थोडा वेळ थांबा, पिवळसर कंबरेचे नर येऊन बसतात. हॉवलेट नावाच्या कीटकशास्त्रज्ञाने बिहारमधल्या पुसा इथे काम करताना १९१२ मध्ये सिट्रोनेला तेलाकडे या माश्या कशा ओढल्या जातात ते लिहिलं आणि पुढे मिथाइल युजेनॉलपर्यंत तोच पोचला. म्हणजे या सापळ्याचं मूळ आपल्याच देशातलं.

पण जगात आणखी एक वाट चोखाळलीय आणि मला ती फार महत्त्वाची वाटते. कारखान्यात माश्या वाढवायच्या, कोषात असतानाच त्यांना कोबाल्ट-६० च्या गॅमा किरणांनी वांझ करायचं आणि शेतावर सोडून द्यायचं. रानातली मादी अशा नराशी जुळली की तिची अंडी उबतच नाहीत. अमेरिकेच्या एडवर्ड निपलिंगची ही कल्पना, १९५४ मध्ये क्युरासाव बेटावर गुरांच्या जखमेत पडणाऱ्या माशीवर ती यशस्वी झाली. जपानने तर १९९३ पर्यंत ओकिनावाच्या सगळ्या बेटांवरून हीच, आपल्या तवशाची माशी संपवली, त्यासाठी हजारो कोटी वांझ माश्या सोडल्या.

आकडा मोठा आहे, पण खरी गंमत पुढे आहे. कारखान्यातली माशी लाडावलेली असते. आयतं खाणं, आयतं पाणी, पंखा नाही वारा नाही, पिढ्यानपिढ्या पिंजऱ्यात, मग तिथे जी भराभर अंडी घालते तिचाच वंश वाढतो आणि ऊन-तहान सोसायची ताकद कमी होत जाते. वर किरणांचा मार, सोडताना थंड करून गुंगवतात तो वेगळाच. ऑस्ट्रेलियात क्वीन्सलँड फळमाशीवर अभ्यास झाला तेव्हा कारखान्यातल्या माश्या कोरड्या हवेत रानातल्यांपेक्षा लवकर मेल्या. आणि नराला वयात यायलाच एकदोन आठवडे लागतात, त्याआधीच तो उन्हात वाळून गेला तर त्याच्यावर केलेला सगळा खर्च मातीत! ओकिनावात आणखी वेगळंच घडलं, काही ठिकाणच्या रानटी माद्या इतक्या चोखंदळ झाल्या की कारखान्यातल्या नरांना जवळच येऊ देईनात.

मग उपाय काय, तर आपण भाताचं बियाणं निवडतो तसंच. माश्या कोरड्या हवेच्या डब्यात ठेवायच्या, दाणा नाही पाणी नाही, बहुतेक मरतात, उरलेल्या मूठभरांची पिल्लावळ वाढवायची आणि तिला पुन्हा त्याच डब्यात घालायचं. मेक्सिकोत तिथल्या फळमाशीवर असं केल्यावर थोड्याच पिढ्यांत तहान सोसणारा वाण तयार झाला. फक्त चिवट असून भागत नाही, तो नीट उडतो का, मादीला पटवतो का हेही दर वेळी तपासावं लागतं, आणि हे तपासणारे लोक मला फार मोठे वाटतात, एकेका माशीच्या मागे लागून काम करतात ते.

सोडलेली माशी ओळखायची युक्ती तर बघण्यासारखी आहे. कोषांना चमकणारी रंगीत पूड लावतात. माशी कोष फोडते ती कपाळावरची एक पिशवी फुगवून, पिशवी आत जाताना पूड डोक्याच्या खाचेत अडकते आणि तिथेच राहते. पुढे कधी ती सापळ्यात मिळाली की निळ्याजांभळ्या दिव्याखाली धरायची, डोकं चमकलं की आपली.

तवशाच्या माश्यांची नर-मादीची भेट होते दिवेलागणीला. नर पानाखाली जागा धरतो, पंख थरथरवून बारीक गुणगुणतो आणि मादीची वाट बघतो. आईच्या मांडवावर त्या वेळी सोडलेला नर बसलेला हवा, दहाबारा दिवसांचं ऊन-पाऊस खाऊन जिवंत राहिलेला.