कंझर्व्हेटरी गळतेय, पण पाणी मुरतंय कुठे?

हे वर बघा, कंझर्व्हेटरीचं, म्हणजे घराला जोडलेल्या काचेच्या खोलीचं छत जिथे घराच्या भिंतीला येऊन टेकतं ना, तिथून हा तपकिरी ओघळ खाली आलाय, त्याच्या खाली बादली ठेवलीय आणि बादलीत जुना टॉवेल टाकलाय, कारण रात्रभर टपटप ऐकून माणूस वेडा होतो. घर स्टॉकपोर्टमधलं, म्हणजे मँचेस्टरच्या दक्षिणेला, १९३० च्या दशकातलं लाल विटांचं सेमी-डिटॅच्ड, म्हणजे एका बाजूने शेजारच्या घराला जोडलेलं. घरमालक नवरा-बायको आपले सोलापूरचे. घर बघायला आले तेव्हा ह्या काचेच्या खोलीवरच जीव जडला म्हणे, ऊन येईल, तुळस ठेवू, पापड वाळत घालू. मँचेस्टरमध्ये पापड! असो.

आता ही खोली मूळ घराचा भाग नाहीच. १९८० आणि ९० च्या दशकांत इंग्लंडमध्ये यूपीव्हीसीच्या, म्हणजे कडक प्लॅस्टिकच्या चौकटी आणि वर पॉलिकार्बोनेटचं, म्हणजे उजेड आत येऊ देणाऱ्या प्लॅस्टिकच्या पत्र्याचं छत अशा कंझर्व्हेटरींचं पेव फुटलं होतं, त्यातलीच ही एक, घराच्या मागच्या भिंतीला नंतर चिकटवलेली. आणि भानगड सगळी त्या चिकटवण्यात आहे. पॉलिकार्बोनेट उन्हाने विटेपेक्षा कितीतरी जास्त फुगतं, तापमानात तीस अंशांचा फरक पडला तर तीन मीटरचा पत्रा जवळपास सहा मिलिमीटर लांबतो, वीट मात्र अर्धा मिलिमीटरच्या आसपास, म्हणजे एक हलतंय आणि दुसरं जागचं हलत नाही, आणि मधे सांधा बुजवणारं बिचारं सिलिकॉन.

सिलिकॉन किती मारलंय ते बघाच. पांढरा थर, त्यावर पारदर्शक, त्यावर काळा, आणि सगळ्यात वर डांबरी चिकटपट्टी, तिचंही एक टोक सुटून वाऱ्यावर फडफडतंय. आपल्याकडे नाही का, मे महिना आला की पत्र्याच्या शेडचा आणि भिंतीचा सांधा डांबराने नाहीतर व्हाइट सिमेंटने बुजवतात आणि जुलैत परत ठिबकायला लागतं, तोच प्रकार. पाऊस तसा इथे फार नाही हो, मँचेस्टरला वर्षाला साधारण ८०० ते ८५० मिलिमीटर, मुंबईत चार महिन्यांत त्याच्या दुपटीहून जास्त पडतो. पण इथला पाऊस बारीक, दिवसेंदिवस चालणारा, आणि वाऱ्याबरोबर आडवा येणारा, तो छतावर पडण्यापेक्षा भिंतीवर जास्त बसतो. ही भिंत नेमकी पश्चिमेला आहे.

रूफर काका, म्हणजे छत दुरुस्त करणारे, आले, सत्तरीला टेकलेले, त्यांनी आधी शिडी नाही लावली, बागेतला पाण्याचा पाइप मागितला. पाइपने शोधायचं तर खालून वर जायचं, उलटं केलं तर सगळं एकदम ओलं होतं आणि कळत काहीच नाही. आधी छताच्या पत्र्यावर पाणी सोडलं, दहा-पंधरा मिनिटं, आत कोरडं. मग छत आणि भिंतीचा सांधा झाकणाऱ्या शिशाच्या पट्टीच्या, म्हणजे लेड फ्लॅशिंगच्या कडेला, तरी कोरडं. मालक आत टॉर्च घेऊन उभे, ते म्हणाले झालं, आता पाऊस आल्याशिवाय नाही कळणार. मग काकांनी पाइप फ्लॅशिंगच्या मीटरभर वर नुसत्या विटांवर धरला. थोड्या वेळाने आतल्या प्लॅस्टरवर आधी एक गडद ठिपका आला, रुपयाएवढा, तो पसरत पसरत तळहाताएवढा झाला आणि मग पहिला थेंब.

म्हणजे आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी. इथली भिंत म्हणजे खरं तर दोन भिंती असतात, बाहेरची आणि आतली, मधे साधारण ५० मिलिमीटरची पोकळी. बाहेरची वीट पाणी पिते, ते तिच्यातून आणि तिच्या मागच्या अंगाने खाली उतरत पार पायापर्यंत जातं, घर कोरडं राहतं, बांधणाऱ्याने हिशोब बरोबर केला होता. पण कंझर्व्हेटरी जोडली आणि त्याच बाहेरच्या भिंतीचा खालचा भाग झाला खोलीतली भिंत! शिशाची पट्टी विटांच्या सांध्यात फक्त २५ मिलिमीटर आत जाते, वीट १०० मिलिमीटरच्या आसपास रुंद, त्यामुळे पट्टीच्या मागून उतरणाऱ्या पाण्याला अडवणारं तिथे काहीच नाही. बाहेरून कितीही सिलिकॉन मारा.

त्यासाठी लागतो कॅव्हिटी ट्रे. फ्लॅशिंगच्या वर, बाहेरच्या भिंतीच्या आत बसवलेली पन्हळच म्हणा, वरून आलेलं पाणी धरायचं आणि वीप होलमधून, म्हणजे त्यासाठी भिंतीत ठेवलेल्या बारीक भोकांतून बाहेर, शिशावर सोडायचं. कंझर्व्हेटरी बांधतानाच बसवला असता तर निम्मं काम वाचलं असतं, पण तेव्हा कोण बघतंय, दिसत तर नाही. आता भिंतीतून विटा काढाव्या लागतात, त्याही एका वेळी दोन-तीनच, ट्रेचा तुकडा सरकवायचा, विटा परत बसवायच्या, माल घट्ट होऊ द्यायचा, मग शेजारचा भाग. अख्खी रांग एकदम काढली तर वरची भिंत कशावर उभी राहणार? हे घरच्या घरी करायचं काम नाही, यूट्यूब कितीही बघितलं तरी.

जुनं शिसं निघालं तेव्हा आणखी एक गंमत दिसली, सलग एकच लांबलचक पट्टी, आणि बरोबर मधे फाटलेली. शिसं तापलं की वाढतं, गार झालं की आखडतं, म्हणून एक तुकडा दीड मीटरपेक्षा लांब ठेवत नाहीत, आणि दोन तुकडे एकमेकांवर किमान १०० मिलिमीटर चढवतात. ही फट सिलिकॉनने खरंच बुजली होती, तेवढं श्रेय त्याला द्यायला हवं.

नवीन शिसं कोड फोर, जाडी १.८ मिलिमीटर, गुंडाळीवर निळी खूण. कोडचा आकडा जुन्या हिशोबातला, एक चौरस फुटाचं वजन साधारण तेवढे पाउंड. हातात घेतलं की कळतं, एवढीशी गुंडाळी आणि उचलताना कंबर धरते. काका ते लाकडी थापीने हळूहळू दाबत वळवतात, हातोडा अजिबात नाही, मग कडेच्या उरलेल्या शिशाच्या घड्या करून त्याच पाचरी म्हणून सांध्यात ठोकतात, दर ४५० मिलिमीटरला एक, आणि वर शिशासाठीचं वेगळं सीलंट. शेवटी फडक्याने पॅटिनेशन ऑइल, नाहीतर पहिल्या पावसात शिशाचे पांढरे ओघळ खालच्या पांढऱ्या चौकटीवर येतात. आणि चहाच्या आधी हात साबणाने घासून धुणं, शिसं विषारी असतं, काका ह्या बाबतीत आजीसारखे कडक.

पुढचा आठवडाभर आडवा पाऊस झाला, प्लॅस्टर अजून ओलसर आहे, जाड भिंत सुकायला महिने लागतात, रंग इतक्यात लावू नका असं काकांनी बजावलंय. वीप होलमधून मात्र बारीक धार लागलीय बघा. ह्या भोकांकडे बोट दाखवून शेजारी कालच सांगून गेले की भिंतीला भोकं पडलीयत, सिलिकॉन मारून टाका, माझ्याकडे अर्धी नळी उरलीय. नाही, ती भोकं बुजवायची नाहीत. बाईंनी सिलिकॉनची बंदूक गॅरेजमध्ये कुलपात ठेवलीय, चावी कुठे आहे ते नवऱ्याला सांगितलेलं नाही.