पॉलिसी ३ लाखांची, तरी खिशातून ५० हजार का गेले?

(बिल कॅमेऱ्यासमोर धरून)

हे बिल बघा. २ लाख ४० हजार. आमचे अण्णा पंचगंगा घाटावर पाय घसरून पडले, खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं. पॉलिसी ३ लाखांची, म्हणजे सगळं त्यात बसायला हवं होतं. डिस्चार्जच्या दिवशी काउंटरवर सांगितलं, ५० हजार भरा. आईनं काही न बोलता हातातल्या पाटल्या काढून माझ्याकडं दिल्या.

पैसे अडकले रूमभाड्यात. पॉलिसीत लिहिलं होतं, रूमभाडं रोज विमा रकमेच्या १ टक्का. म्हणजे ३ हजार. आम्ही घेतली ५ हजारांची रूम. पाच दिवसांचे वरचे १० हजार आपण भरू, एवढाच हिशेब डोक्यात होता. पण पाच हजारांपैकी तीनच मंजूर, म्हणून सर्जनची फी, भूल, ऑपरेशन थिएटर, नर्सिंग या १ लाखालाही तोच हिशेब लावला. मिळाले ६० हजार. ४० आणि १०, झाले ५०. औषधं, तपासण्या, हाडात बसवलेली प्लेट यांना ही कात्री लागत नाही, ते पूर्ण मिळाले.

आता सगळे म्हणतात, सुपर टॉप-अप घ्या, म्हणजे मूळ पॉलिसीच्या वरची जोड पॉलिसी. घ्याच. कमी हप्त्यात मोठं कवच मिळतं. पण ती सुरू कधी होते ते आधी समजून घ्या. तिच्यात डिडक्टिबल असतो, समजा ३ लाख. वर्षातला खर्च ३ लाखांच्या वर गेला की वरचे पैसे ती देते. जूनमध्ये २ लाख आणि डिसेंबरमध्ये अडीच लाख झाले, तर मूळ पॉलिसी ३ देईल, सुपर टॉप-अप दीड देईल. साधी टॉप-अप असेल तर काहीच नाही, कारण ती प्रत्येक क्लेम वेगळा धरते आणि यातला एकही एकटा ३ लाखांवर जात नाही. नावात एका शब्दाचा फरक आहे, विकत घेताना नीट वाचा.

आणि अण्णांच्या बिलाला? सुपर टॉप-अप असती तरी एक रुपया मिळाला नसता, बिल ३ लाखांपर्यंत पोचलंच नाही. म्हणून माझं स्पष्ट मत, आधी मूळ पॉलिसीतली रूमभाड्याची अट काढून टाका, मग वरचं कवच घ्या.

शिरोली, गोकुळ शिरगावच्या कारखान्यांत कामाला असाल तर कंपनीची पॉलिसी नोकरीबरोबर जाते. घरची वेगळी हवीच. आणि फॉर्मवर शुगर, बीपी लपवू नका. जुन्या आजारासाठी जास्तीत जास्त ३ वर्षं थांबावं लागतं, पण लपवलं तर क्लेमच अडतो.

आमच्या अण्णांनी ७० ओलांडलीत. तुमच्याही घरात असं कोणी असेल तर सरकारचं आयुष्मान कार्ड काढून घ्या, उत्पन्नाची अट नाही, वर्षाला ५ लाखांपर्यंतचे उपचार मिळतात. आम्हाला हे पाटल्या गहाण पडल्यावर कळलं.

आज कपाटातली पॉलिसी काढा आणि रूम रेंट हे शब्द शोधा. सापडले नाहीत तर एजंटला फोन करा, पण तोंडी उत्तरावर थांबू नका, व्हॉट्सॲपवर लिहून मागा.