पाहुणे चौपट, मग डीजेचं बिलही चौपट?

[दृश्य : रिकामा हॉल. दोन माणसं एक मोठा सब, म्हणजे बेसचा स्पीकर, ढकलत आत आणतात.]

लग्नासाठी डीजेला फोन केला, की तारखेनंतरचा पुढचा प्रश्न ठरलेला : माणसं किती? आपण आकडा सांगतो आणि मनातल्या मनात हिशेब मांडायला लागतो. शंभर जणांच्या लग्नाला अमुक घेतले, मग चारशेला चौपट घेणार का? आणि आपल्याकडे तर चाळीसच जण आहेत, तर निम्म्याहून कमीत भागायला हवं. दोन्ही हिशेब चुकतात. केटरर ताटांवर पैसे घेतो. डीजेचं गणित ताटांवर चालत नाही, तरीही तो माणसं विचारतो, आणि त्याला कारण आहे.

[दृश्य : टेबलावर कंट्रोलर (डीजे ज्यावर गाणी लावतो आणि मिसळतो ते यंत्र), लॅपटॉप, हेडफोन.]

आधी माणसं वाढली तरी न वाढणाऱ्या गोष्टी बघू. वाजवणारा एकच. कंट्रोलर तोच, लॅपटॉप तोच, वर्षानुवर्षं जमवलेली गाणी तीच. घरच्यांशी आधी होणारं बोलणंही तेवढंच : नवरा-नवरी आत येताना काय वाजवायचं, भाषणं कधी, कुठलं गाणं हवंच आणि कुठलं काही झालं तरी नको. हे काम चाळीस माणसांच्या लग्नात कमी होत नाही. उलट लहान कुटुंबं जास्त बारकाईने बोलतात, असं बरेच डीजे सांगतील.

शिवाय तारीख. लग्नसराईतली शनिवारची संध्याकाळ एकदाच विकता येते. तुमचं लग्न लहान आहे म्हणून त्याला त्याच संध्याकाळी दुसरीकडे वाजवता येत नाही. त्यामुळे प्रत्येक डीजेच्या दराला एक तळ असतो. त्या तळाखाली घासाघीस केली, तर तो त्या तारखेला दुसऱ्या कामाची वाट बघणं पसंत करतो, आणि त्यात त्याची चूक नाही.

[दृश्य : स्पीकरपासून दूर जाणारा कॅमेरा. आवाज हळूहळू विरळ होतो.]

आता वाढणाऱ्या गोष्टी. मोकळ्या जागेत स्पीकरपासूनचं अंतर दुप्पट झालं की आवाज ६ डेसिबलने उतरतो. ४ मीटरवर १०० डेसिबल असले, तर ८ मीटरवर ९४, १६ वर ८८ आणि ३२ वर ८२. बंद हॉलमध्ये भिंती आणि छत थोडा आवाज परत फेकतात, म्हणून तिथे तो इतका भराभर उतरत नाही. मैदानात मात्र परत फेकणारं कोणी नसतं.

पाहुणे चौपट झाले तर जागाही साधारण चौपट लागते, म्हणजे लांबी दुप्पट आणि रुंदी दुप्पट. शेवटच्या रांगेचं अंतर दुप्पट झालं, ६ डेसिबल गेले. ते भरून काढायला अँप्लिफायरची ताकद वाढवावी लागते, आणि प्रत्येक ३ डेसिबलला वॅट दुप्पट होतात. ६ डेसिबलला चौपट. म्हणजे पाहुणे चौपट, वॅटही चौपट. इथवर आपला सुरुवातीचा हिशेब अगदी बरोबर निघाला.

फक्त तो वॅटचा हिशेब आहे, पैशांचा नाही. वॅट हा या धंद्यातला स्वस्त माल. महाग असतो तो वॅट उचलणारा माणूस.

[दृश्य : जिना. वर चढणारा सामानाचा ढीग. धापा टाकणारी माणसं.]

बारा इंची स्पीकरचा एक प्लॅस्टिकचा टॉप, म्हणजे शब्द आणि वरच्या पट्टीतला आवाज देणारा डबा, साधारण पंधरा-वीस किलोचा. एकटा माणूस तो उचलून स्टँडवर चढवतो. असे दोन टॉप, एक मिक्सर, दोन माइक आणि वायरींची पिशवी एका मोटारीत मावते. पन्नास-साठ माणसांच्या हॉलला एवढं पुरतं. यानंतर अठरा इंची सब आला की वजन दुपटीने वाढतं. दोन अठरा इंची स्पीकर असलेला डबल सब आला, तर तो ऐंशी-शंभर किलोपर्यंत जातो आणि त्याला एका माणसाने हातही लावू नये. इथे दुसरा माणूस लागतो. मोटार जाऊन टेम्पो येतो. टेम्पोला ड्रायव्हर येतो. दोनाचे चार सब झाले की आणखी हमाल, आणि ठिकाण दुसऱ्या मजल्यावर असून लिफ्ट बंद असली, तर विचारू नका.

म्हणून डीजेचा दर उतरणीसारखा सलग वर जात नाही, जिन्यासारखा जातो. एका पायरीवर पाहुणे ऐंशीचे एकशे तीस झाले तरी आकडा हलत नाही. मग वीसच माणसं वाढतात, ठिकाण बदलावं लागतं आणि आकडा एकदम उडी मारतो. घरच्यांना वाटतं, वीस माणसांचे इतके? ती किंमत वीस माणसांची नसते, दुसऱ्या टेम्पोची असते.

[दृश्य : नाचणाऱ्यांच्या डोक्यावरून दिसणारे टॉप.]

इथे कोणी म्हणेल, दोनच स्पीकर ठेवा आणि आवाज वाढवा. असं करणारे आहेतही. पण मागच्या रांगेला ६ डेसिबल जास्त मिळावेत म्हणून पुढच्या रांगेलाही ६ डेसिबल जास्त सोसावे लागतात. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये कार्यक्रमांच्या ठिकाणांसाठी एक मानक जाहीर केलं. त्यात पंधरा मिनिटांच्या सरासरीला १०० डेसिबल ही वरची मर्यादा धरली आहे. स्पीकरच्या पुढ्यात बसलेल्या आजींना ती मर्यादा माहीत नसते. त्या फक्त उठून जातात.

शहाणा डीजे म्हणून आवाज वाढवत नाही, वाटतो. पुढे दोन टॉप, मध्यावर आणखी दोन, कमी आवाजात. ऐकायला सोपं वाटतं, पण आवाज सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो आणि वायरीतला सिग्नल जवळजवळ लगेच पोहोचतो. पुढच्या टॉपचा आवाज ३४ मीटरवर यायला सेकंदाचा दहावा भाग लागतो. मधल्या टॉपला तेवढा उशीर मुद्दाम दिला नाही, तर मागे बसलेल्यांना प्रत्येक शब्द दोनदा ऐकू येतो. तो उशीर मोजायचा, लावायचा आणि हॉलभर फिरून कानाने तपासायचा. याला वेळ लागतो आणि समजणारा माणूस लागतो. कोटेशनमध्ये हे काम वेगळं लिहिलेलं दिसत नाही, पण पैसे त्याचेच असतात.

[दृश्य : रिकाम्या हॉलमध्ये टाळी. तोच हॉल भरल्यावर टाळी.]

माणसं नुसती जागा अडवत नाहीत, आवाजही शोषतात. १८९५ साली हार्वर्ड विद्यापीठात वॉलेस सॅबिन या तरुण प्राध्यापकाकडे एक तक्रार आली : फॉग संग्रहालयाच्या व्याख्यानगृहात बोललेलं काही कळत नाही. रिकाम्या खोलीत एक आवाज साडेपाच सेकंदांपर्यंत घुमत राहायचा. सॅबिनने शेजारच्या सँडर्स नाट्यगृहातल्या खुर्च्यांच्या गाद्या रात्री उचलून आणल्या, मांडल्या, मोजलं आणि सकाळच्या आत परत नेऊन ठेवल्या. त्या हमालीतून खोलीच्या घुमण्याचं सूत्र निघालं. एक माणूस किती आवाज खातो, हेही त्याने मोजलं होतं.

डीजेसाठी याचा अर्थ असा की दुपारी रिकाम्या हॉलमध्ये केलेलं साउंडचेक संध्याकाळी खोटं ठरतं. कपड्यांनिशी उभी माणसं वरच्या पट्टीतला आवाज खातात, बेसला मात्र फारसा अडसर होत नाही. दाटीच्या मागे उभं राहिलं तर नुसती धडधड ऐकू येते, शब्द नाहीत. म्हणून टॉप डोक्यांच्या वर चढवतात आणि सब जमिनीवर ठेवतात. गर्दी जितकी खोल, तितके टॉप उंच लावावे लागतात. साध्या स्टँडवर ती उंची मिळेनाशी झाली की ट्रस, म्हणजे धातूच्या नळ्यांचा सांगाडा, येतो, आणि ट्रस उभारणं अर्ध्या दिवसाचं काम आहे.

गर्दी बोलतेही. बोलणारे दुप्पट झाले तर नुसत्या बेरजेने गोंगाट ३ डेसिबलने वाढायला हवा. प्रत्यक्षात तो जास्त वाढतो, कारण शेजारचा मोठ्याने बोलला की आपणही आवाज चढवतो. एत्येन लोंबार या फ्रेंच डॉक्टरने १९११ साली हे लिहून ठेवलं आणि आजही त्याला लोंबार परिणाम म्हणतात. चारशे माणसं जेवताना भाषण ऐकवायचं, तर माइक आणि टॉप दोन्ही चांगले लागतात. गाणं थोडं अस्पष्ट असलं तरी लोक नाचतात. वधूच्या वडिलांचे शब्द अस्पष्ट आले, तर ते कायमचे लक्षात राहतात.

[दृश्य : माइकचे रिसीव्हर उंच स्टँडवर.]

कॉर्डलेस माइकची तऱ्हा आणखी वेगळी. स्वस्त माइक बऱ्याचदा २.४ गिगाहर्ट्झवर चालतात. वाय-फाय आणि ब्लूटूथही तिथेच, आणि प्रत्येक पाहुण्याच्या खिशात एक फोन. त्यातच माणसाचं शरीर म्हणजे बहुतांशी पाणी, ते या लहरी अडवतं. तीस माणसांत बिनतक्रार चाललेला माइक तीनशे माणसांत तुटक बोलायला लागतो. मोठ्या लग्नाला दुसऱ्या पट्ट्यातले, महागडे माइक लागतात ते यासाठी.

विजेबद्दल थोडक्यात. २३० व्होल्टला १६ अँपिअरच्या एका सर्किटवर साडेतीन किलोवॅटच्या आसपास भार घेता येतो. अँप्लिफायर छापलेल्या वॅटइतकी वीज सतत ओढत नाही, संगीतात चढउतार असतात. लाइट मात्र सलग ओढतात. स्वयंपाकघराच्या सर्किटवर कोणी डीजे जोडला की काय होतं, ते बहुतेकांनी पाहिलंय. मोठ्या सेटअपला वेगळी लाइन किंवा जनरेटर. तो कोणाच्या खर्चात, हे आधी विचारून घ्यावं.

[दृश्य : बागेतला विधी. आतला जेवणाचा हॉल. गच्चीवरचा नाच.]

मात्र माणसांपेक्षा बिल जास्त फुगवते ती जागांची संख्या, आणि तिचा विचार घरचे सगळ्यात कमी करतात. विधी बागेत, जेवण आत, नाच गच्चीवर. पाहुणे साठच. तरी तीन ठिकाणी स्पीकर, तीन ठिकाणी माइक, तीन ठिकाणी वायरी, आणि पाहुणे एकीकडून दुसरीकडे जातील तेवढ्या मिनिटांत सगळं सुरू झालेलं हवं. त्याला तीन छोटे सेट लागतात किंवा पळणारी जास्त माणसं. एकाच हॉलमध्ये बसलेल्या अडीचशे माणसांपेक्षा हे साठ जण महाग पडू शकतात. पैसे वाचवायचे असतील तर यादीतली नावं खोडण्याआधी ठिकाणं कमी करून बघा.

[दृश्य : जवळजवळ रिकामी नाचायची जागा. एक जोडपं नाचतंय.]

लहान लग्न वाजवायला सोपं, हाही एक गैरसमज. तीनशे पाहुण्यांत पंधरा जण पाणी प्यायला गेले तर कळतही नाही. तीस जणांत ते पंधरा गेले की अर्धी जागा मोकळी, आणि उरलेल्यांना एकदम लाज वाटायला लागते. गर्दी मोठी असली की कोणाला ना कोणाला चालू गाणं आवडतंच. तीस जणांत आजोबा आहेत, कॉलेजातली भाची आहे, नवऱ्याचे ऑफिसातले मित्र आहेत, आणि पुढचं गाणं तिघांपैकी कोणाला बसवून कोणाला उठवेल, हे दर चार मिनिटांनी ओळखायचं. सामान कमी लागतं, डोकं नाही. या कौशल्याचे पैसे मागणाऱ्या डीजेला महाग म्हणण्याआधी त्याला एकदा वाजवताना बघावं.

[दृश्य : कागदावर लिहिलेलं कोटेशन. बोट एकेका ओळीवरून फिरतं.]

आता दुसरी बाजू. हॉल मोठा, सजावट भारी, म्हणून सामान न वाढवता आकडा फुगवणारेही या धंद्यात आहेत. त्यांना ओळखायला एक प्रश्न पुरतो : पाहुणे वाढल्यामुळे नेमकं काय वाढलं? सब किती, माणसं किती, टेम्पो कोणता, ऐन वेळी कंट्रोलर बंद पडला तर दुसरा सोबत आहे का? हा शेवटचा तपशील मोठ्या लग्नात खरंच पैशांचा असतो, कारण चारशे माणसांसमोर दहा मिनिटांची शांतता कोणालाच परवडत नाही. खरं काम करणारा ही यादी न अडखळता सांगतो. दुसरा म्हणतो, मोठं लग्न आहे ना.

राहिला प्रश्न आयत्या वेळी पाहुणे कमी होण्याचा. यादी तीनशेवरून दोनशेवर आली आणि हॉल तोच राहिला, तर बिल कमी होत नाही. तेवढ्याच भिंती, तेवढंच अंतर. शोषायला शंभर माणसं कमी, म्हणजे हॉल आणखी घुमणार. बिल उतरतं ते हॉल लहान घेतला तर. मग सब निम्मे होतात, मधले टॉप गळतात, एक माणूस कमी येतो, कदाचित टेम्पोही टळतो. अशा वेळी नवं कोटेशन मागायला हरकत नाही, मात्र त्या तारखेचं सामान आणि माणसं पक्की होण्याआधी मागावं. एकदा टेम्पो ठरला आणि हमालांनी तुमच्यासाठी दुसरं काम नाकारलं, की डीजेलाही त्यांचे पैसे द्यावेच लागतात.