शंभर टक्के बिझी, तरी वाट बघतायत

[सर्व्हर रूम. दोन रॅकच्या मधल्या गल्लीतून कॅमेरा पुढे.]

हा जो आवाज येतोय तो पंख्यांचा. दोन्ही बाजूला रॅक, त्यात एकावर एक रचलेले नोड, म्हणजे एकेक स्वतंत्र कॉम्प्युटर, मागं केबलचे जुडगे, आणि या सगळ्यांवर मिळून एकच प्रोग्राम चालू आहे. त्याचे शेकडो तुकडे केलेत, एकेका तुकड्याला म्हणतात रँक. एका रँकला दुसऱ्याची मेमरी दिसत नाही, शेजाऱ्याकडचा एक आकडा जरी हवा असला तरी त्याने मेसेज पाठवायचा आणि याने तो घ्यायचा.

[मॉनिटर क्लोजअप, टॉप कमांड]

आता हा टॉपचा स्क्रीन नीट बघा, कुठली प्रोसेस प्रोसेसर किती वापरतेय ते टॉप दाखवतं. प्रत्येक प्रोसेसपुढे शंभर टक्के, म्हणजे बघणाऱ्याला वाटणार मशीन जीव तोडून काम करतंय, अजून नोड घ्यावे लागणार. पण यातले कितीतरी रँक नुसती वाट बघत असू शकतात, कारण बहुतेक एमपीआय लायब्रऱ्या, म्हणजे हे मेसेज पाठवणारं-घेणारं सॉफ्टवेअर, मेसेजची वाट बघताना प्रोसेसर सोडत नाहीत, आला का, आला का असं सारखं तपासत बसतात, म्हणजे आल्या आल्या उचलता येतो, आणि टॉपला हे तपासणंपण कामच दिसतं. हा शंभरचा आकडा बघून नवीन हार्डवेअर मागवायचं थांबलं पाहिजे, आम्ही हा व्हिडिओ करतोय तो त्यासाठीच.

[जुन्या मशीनचे फोटो]

एमपीआय म्हणजे मेसेज पासिंग इंटरफेस. त्याआधी जवळपास प्रत्येक कंपनीच्या पॅरलल मशीनची मेसेज पाठवायची रीत वेगळी, मशीन बदललं की प्रोग्रामचा तेवढा भाग परत लिहा. १९९२ पासून लोक एकत्र बसून एक स्टँडर्ड ठरवत होते, ते १९९४ ला आलं. आणि त्याच साली नासाच्या गॉडार्ड सेंटरमधे थॉमस स्टर्लिंग आणि डोनाल्ड बेकर यांनी ४८६ प्रोसेसरचे १६ साधे पीसी इथरनेटने जोडले, त्याचं नाव बिओवुल्फ. जोडले आणि लगेच कळलं की १० मेगाबिटचं इथरनेट या प्रोसेसरना पुरतच नाही. मग बेकरने लिनक्सचे ड्रायव्हर परत लिहिले, ट्रॅफिक एकापेक्षा जास्त लाइनवर वाटून जाईल असे. म्हणजे पहिल्यापासूनचं दुखणं हेच आहे, प्रोसेसर तयार आणि डेटा अजून वाटेत.

[ट्रेसची टाइमलाइन, पूर्ण स्क्रीन]

हा ट्रेस, म्हणजे कुठला रँक कधी काय करत होता त्याची नोंद, आणि हे चित्र आमचं सगळ्यात आवडतं. प्रत्येक आडवी ओळ म्हणजे एक रँक, हिरवं म्हणजे हिशोब चालू, लाल म्हणजे एमपीआयमधे अडकलेला. आणि मधे हा लाल जिना दिसतोय? तो कसा होतो ते सांगतो. समजा ६४ रँक एका रांगेत आहेत आणि प्रत्येकाला आपल्या कडेचा डेटा उजवीकडच्याला द्यायचाय. कोड लिहिणाऱ्याने सरळ लिहिलं, आधी उजवीकडे सेंड, मग डावीकडून रिसीव्ह. मेसेज छोटा असतो तोवर काही कळत नाही, लायब्ररी तो बफरमधे, म्हणजे तात्पुरत्या मेमरीत, टाकून पुढं जाते. पण मेसेज मोठा झाला की समोरचा रिसीव्ह म्हणेपर्यंत सेंड संपतच नाही. शेवटच्या रँकला उजवीकडे कुणीच नाही, म्हणून तो एकटाच थेट रिसीव्ह करतो, त्यामुळं त्याच्या आधीचा सुटतो, मग त्याच्या आधीचा, असं करत करत जे एका टप्प्यात व्हायचं ते ६३ टप्प्यांत होतं. आणि हीच रांग गोल जोडलेली असती तर प्रोग्राम तिथंच लटकला असता.

[एडिटर, कर्सर ओळींवरून फिरतो]

दुरुस्ती बघा किती छोटी आहे. आधी आयरिसीव्ह लावून ठेवायचे, मग आयसेंड, हे रिसीव्ह-सेंडचेच न थांबता पुढं जाणारे प्रकार, मग ज्याला शेजाऱ्याचं काहीच लागत नाही तो आतला सगळा हिशोब उरकायचा, मग वेटऑल, म्हणजे सगळे मेसेज पूर्ण होईपर्यंत थांबायचं, आणि शेवटी कडेचा हिशोब. जिना गायब. (काही लायब्रऱ्या मागच्या मागे मेसेज पुढं ढकलत नाहीत, तिथं हिशोबाच्या मधे अधूनमधून मेसेज झाला का ते विचारणारा टेस्ट कॉल टाकावा लागतो, नाहीतर सगळं वेटऑलपाशीच तुंबतं.)

[स्विच, केबल, दिवे]

छोटे छोटे मेसेज एकत्र करून पाठवणं हापण मोठा उपाय. इन्फिनीबँडवर, म्हणजे नोड जोडणाऱ्या वेगवान नेटवर्कवर, एका मेसेजला साधारण एक-दोन मायक्रोसेकंद लागतात, आणि तीन गिगाहर्ट्झच्या प्रोसेसरला एक मायक्रोसेकंद म्हणजे ३००० सायकल, म्हणून एकेक आकडा सुटा पाठवला की मार बसतोच.

[टाइमलाइन परत, रँक वाढवलेले, उभा लाल पट्टा]

रँक वाढवले की मग हे दिसतं. हा ऑलरिड्यूस, सगळ्यांची बेरीज सगळ्यांना, आणि इथं एक जरी उशिरा आला तरी सगळे थांबतात. अमेरिकेतल्या लॉस अलामॉस प्रयोगशाळेच्या एएससीआय क्यू मशीनवर ८१९२ प्रोसेसर होते, एका नोडला चार, आणि चारपैकी तीनच वापरले की सेज नावाचा प्रोग्राम जास्त चांगला पळायचा! कारण नोडवरच्या सिस्टिमच्या बारीकसारीक प्रोसेस मधेच घुसून कुणाला ना कुणाला उशीर करत होत्या. त्या कमी केल्या, सरकवल्या, आणि २००३ मधे छापून आलं की नवीन हार्डवेअर न घेता सेजचा वेग दुप्पट झाला.

यात वीज वाचते, रांगेतला पुढचा जॉब लवकर लागतो, तेही आहेच.

[टर्मिनल, जॉब स्क्रिप्ट]

तर तुमच्या जॉब स्क्रिप्टमधे आधी प्रत्येक रँक प्रोसेसरच्या एका ठरावीक कोरला बांधा, म्हणजे ते इकडून तिकडे उड्या मारणार नाहीत, मग एकदा नोडमागे एक कोर मोकळा सोडून चालवा, आणि दोन्ही ट्रेस शेजारी शेजारी उघडून लाल कुठं कमी झालंय ते बघा.